मुलीचे हात गार असतात

१

लायब्ररी म्हटलं की लोकांना पुस्तकं आठवतात. आमच्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीतही पुस्तकं आहेत. परीक्षा जवळ आली की मुलं ती वाचतात, एरवी त्यांवर डोकं ठेवून झोपतात. माझं खरं काम मात्र पुस्तकांशी नाही. खाली हॉस्पिटलात एखादा डॉक्टर अडतो. दोन औषधांतलं कुठलं द्यावं, ऑपरेशन करावं की थांबावं, एवढ्याशा मुलाला हे झेपेल का. मग तो जिना चढून येतो किंवा फोन करतो, "वारिजक्का, जरा शोधून द्या ना."

मी त्याच्या प्रश्नाचे तुकडे करते. रोगी कसा, उपाय कुठला, कशाशी तुलना करायची, शेवटी हाती काय यायला हवं. प्रत्येक तुकड्याला जगात जितकी नावं आहेत तितकी गोळा करते, कारण एकाच आजाराला इथला डॉक्टर एक म्हणतो आणि जपानमधला दुसरंच. ती सगळी नावं डेटाबेसमध्ये घालते. जगभर छापून आलेल्या वैद्यकीय संशोधनाची नोंद तिथे असते. जाळं फार मोठं टाकलं तर कचराच वर येतो, लहान टाकलं तर मासळी निसटते. मंगळूरच्या बंदरावर वाढलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आलेल्यातून मी निवडते. कुणी नीट तपासलंय, कुणी नुसतं ठोकून दिलंय, हे हळूहळू नाकाला कळायला लागतं. आणि कधी कधी हाती काहीच लागत नाही. तेही मी तसंच लिहून देते: विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. तरुण डॉक्टर त्यावर वैतागतात. पण ते उत्तर शोधायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात.

डॉ. सदानंद चौटांना मी असंच उत्तर दिलं होतं. ते आमच्या बालरोग विभागात आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची सहा वर्षांची मुलगी सानिध्या आजारी पडली. साधा ताप आला, उतरला, आणि मग आकड्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. त्या आजाराचं नाव फार लांब आहे, वॉर्डात त्याला सगळे नुसतं 'ते तापानंतरचं' म्हणतात. मी जगातली सगळी दारं ठोठावली. होतं नव्हतं ते छापून त्यांच्या हातात दिलं. पुरेसं नव्हतं.

सानिध्या गेली. तेराव्यानंतर डॉक्टर कामावर आले आणि त्याच दुपारी लायब्ररीत येऊन खिडकीजवळच्या टेबलापाशी बसले. तिथल्या कॉम्प्युटरवर त्यांनी तोच शोध पुन्हा लावला. तेच शब्द, मी बसवलेल्या त्याच क्रमाने. दुसऱ्या दिवशीही तेच. कुणी देवळात जातं, कुणी समुद्रावर जाऊन बसतं.

"त्यांना सांगा ना कुणीतरी," लॅन्सी एकदा म्हणाला. लॅन्सी डिसोझा म्हणजे आमचा सहायक, निवृत्तीला टेकलेला. "पोरगी गेल्यावर औषध शोधून कुणाला देणार?"

"तुम्ही दर रविवारी सिमेटरीत मेणबत्ती लावता ती कुणाला दिसते, लॅन्सी?"

"मेणबत्ती विझते तरी," तो म्हणाला. "हे विझतच नाही."

२

एका दुपारी डॉक्टरांनी मला हाक मारली. एरवी ते हाक मारत नसत.

"वारिजक्का, हे बघा. हे काल नव्हतं."

एकच नोंद होती. एका रुग्णाचा अहवाल, थोडक्यात दिलेला. सहा वर्षांची मुलगी, ताप, मग न थांबणाऱ्या आकड्या. सगळे उपाय थकल्यावर मुलीचं शरीर थंड करत नेलं, आजवर कुणी नेलं नसेल इतकं खोल, आणि बरेच दिवस तसंच ठेवून मग सावकाश ऊब दिली. आकड्या थांबल्या. मुलगी शुद्धीवर आली. शेवटचं वाक्य इंग्रजीत असं होतं की जागी झाल्यावर तिनं बन्स मागितले.

बाकी नोंदीत नियतकालिकाचं नाव होतं, पण मी ते कधी ऐकलेलं नव्हतं. लेखकांच्या जागी काहीच नव्हतं. गावही नव्हतं. पूर्ण लेख उघडत नव्हता. अशा अर्धवट नोंदी येतात कधीकधी. कुठेतरी कुणी माहिती भरता भरता चहाला उठतं.

"लेखकांची नावं येईपर्यंत थांबू," मी म्हणाले.

ते स्क्रीनकडेच बघत होते. "बन्स," ते म्हणाले.

आमच्याकडे बन्स म्हणजे पाव नव्हे. पिकलेलं केळं मैद्यात मळून तळलेल्या गोडसर फुगीर पुऱ्या. सानिध्या शाळा सुटल्यावर बाबांची ओपीडी संपेपर्यंत याच टेबलापाशी बसायची आणि लॅन्सी तिला कँटीनमधून गरम बन्स आणून द्यायचा. लायब्ररीत खायला बंदी आहे. मी दुसरीकडे बघायचे.

"सर, इंग्लंडातली मुलंसुद्धा बन्सच मागतात. बेकरीतले."

"हो," ते म्हणाले. "तेच असतील."

त्यांनी माउसवरचा हात काढला. त्यांच्या तोंडावर मी दोन वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. आजारातून उठलेलं माणूस दिसतं तसे ते दिसत होते.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या कॉम्प्युटरवर तोच शोध लावला. तो अहवाल आला नाही. शब्द बदलले, जाळं मोठं केलं. नाही. मग खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर जाऊन लावला. तिथे तो होता.

"ते मशीन म्हातारं झालंय," लॅन्सी म्हणाला. "आमच्या आईसारखं. कधीचं काय आठवेल सांगता येत नाही."

मलाही तेच पटलं. जुनं काहीतरी त्याच्या पोटात अडकलं असेल. तरी मी डेटाबेसवाल्यांना विचारणा केली. अशी नोंद आमच्याकडे नाही आणि कधी नव्हती, असं त्यांनी नम्रपणे कळवलं.

इतकंच असतं तर मी ते मशीन पुसून घेतलं असतं आणि विसरले असते. पण काही दिवसांनी त्याच कॉम्प्युटरवर दुसरी नोंद आली. त्याच मुलीचा पुढचा अहवाल. मुलगी आता आठ वर्षांची आहे. पुढचे दात पडून नवे आले आहेत. उंची वयाप्रमाणे वाढते आहे.

सानिध्या असती तर आठ वर्षांची असती.

मी शिकलेली बाई आहे. योगायोग किती स्वस्त असतो हे मला रोजच्या कामातून कळतं. पुरेशा नोंदी चाळल्या की हवा तो योगायोग सापडतो. पण मी तुळुनाडातली, या मंगळूरच्या मुलखातली बाईसुद्धा आहे. आमच्याकडे मेलेली मुलंही वाढतात. वयात आली की घरचे त्यांच्यासाठी तसंच एक गेलेलं स्थळ बघतात आणि रीतसर लग्न लावतात. माझ्या आत्याच्या घरचं असं एक लग्न मी जेवले आहे. दोन रिकाम्या पाटांवर अक्षता पडताना बघून कुणी रडत नव्हतं. उलट आत्या खूश होती, पोरगी मार्गी लागली म्हणून.

त्या दुपारी डॉक्टर यायच्या आधी मी कपाटामागे नियतकालिकं लावत होते. एसीची घरघर चालू होती. तिच्याखालून दुसरा एक आवाज येत होता. ठक. मग थोडं थांबून, ठक. खुर्चीवर बसलेलं मूल पाय हलवतं आणि टाच टेबलाच्या लाकडाला लागते, तसा.

मी कपाटाच्या कडेनं वाकून पाहिलं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. आवाज थांबला. बाहेर नारळाच्या झावळ्या हलत होत्या. झावळी लागली असेल काचेला. झावळी खिडकीपासून बरीच लांब होती, हे मी त्या दिवशी मनाशी बोलले नाही.

लॅन्सीनं मात्र ते टेबल पुसणं सोडलं. कारण विचारलं तर म्हणाला, "गुडघे दुखतात."

४

डॉक्टरांची बायको रेवती लायब्ररीत आली ती छत्री न मिटताच. उन्हातून आल्यामुळे तिचा चेहरा लाल झाला होता.

"अक्का, हे इथे काय वाचतात?"

"का गं?"

"हल्ली घरी हसतात. जेवताना दुसऱ्यांदा भात मागतात. मी देवीला साकडं घातलं होतं यासाठीच. पण परवा एक फ्रॉक घेऊन आले. मी विचारलं, कुणाला? तर म्हणाले, जरा मोठाच घेतलाय, वाढतं अंग आहे, होईल तिला." तिनं छत्री मिटली आणि पुन्हा उघडली. "तुम्ही त्यांना सांगा की ते खोटं आहे. तुमचं ऐकतात."

"खोटं आहे असं म्हणायला मला पुरावा लागतो, रेवती. तो अजून नाही. खरं आहे असंही मी म्हणत नाही."

"म्हणजे काहीच म्हणत नाही तुम्ही."

ते तिचं खरं होतं. मी तिला खिडकीजवळ नेलं आणि दोन्ही नोंदी दाखवल्या. वाटलं, एवढंच आहे हे बघून तिची भीती जाईल. कुणा परक्या मुलीचे चार कोरडे शब्द.

ती उभ्यानंच वाचत होती. मग खुर्ची ओढून बसली. पुन्हा वाचलं. दात पडल्याच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं, अगदी हलकं, काच दुखेल असं.

"खालचे आधी पडले की वरचे?" तिनं विचारलं.

"लिहिलेलं नाही."

"वरचा एक हलत होता तिचा. पडला की मला हवाय, असं मी सांगून ठेवलं होतं तिला." तिनं डोळे पुसले नाहीत. "पुढचं कधी येतं, अक्का?"

जाताना तिनंच मला विनवलं, ते खोटं आहे असं त्यांना सांगू नका.

५

मोक्षिता पुत्तूरजवळच्या एका खेड्यातून आली. वय सहा. ताप उतरल्यावर आकड्या सुरू झाल्या होत्या. तिची आई जलजाक्षी विड्या वळणारी. बाप गल्फला, सुटी मिळेना. लॅन्सीनं मला वॉर्डातली बातमी सांगितली आणि लगेच छातीवर क्रूस काढला.

डॉक्टर धावतच जिना चढून आले. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं.

"वारिजक्का, हिलाही तसंच थंड करायचंय मला. परवानगी देण्याआधी हॉस्पिटलची कमिटी तुम्हाला विचारणार. या उपायाला आधार आहे का म्हणून. तुम्ही फक्त लिहा की एक अहवाल आहे."

"एवढ्याशा मुलीला इतकं थंड करायचं म्हणजे काय होऊ शकतं हे मी तुम्हाला सांगू का, सर?"

"मला माहीत आहे. हृदय थांबू शकतं. पण नाही केलं तर काय होतं तेही मला माहीत आहे. मी ते घरी घेऊन गेलो आहे, अक्का. पांढऱ्या कपड्यात गुंडाळून."

मी म्हणाले, "मला पुन्हा वाचू द्या."

"दोनदा वाचलंय तुम्ही."

"मी शोधणारी आहे. मला वाचू द्या."

ते माझ्या आणि टेबलाच्या मध्ये उभे राहिले. मी बाजूनं गेले. नोंद उघडली. ती आता आधीपेक्षा लांब होती. शेवटी एक नवा परिच्छेद आला होता, इतर अहवालांत असतो तसाच, निर्विकार भाषेतला.

मुलीचे हात गार असतात. मुलगी जेवत नाही. झोप लागत नाही, बसून राहते. प्रश्न विचारल्यास उत्तर देते, परंतु उत्तर वडिलांच्या आवाजात येते. आईने मुलीला ओळखलेले नाही.

मी मागे वळले. "हे तुम्ही वाचलंय."

"हो."

"आणि तरी?"

"हात गार असले तर काय झालं?" ते हळू आवाजात म्हणाले. रागावलेले नव्हते, समजावत होते. वॉर्डात आयांना समजावतात तसं. "स्वेटर घालू. झोपत नसली तर आपण जागू तिच्याबरोबर. कुठल्या आईबापाला जड जाणार आहे ते?"

आमच्या दोघांच्या मध्ये, टेबलाखाली, काहीतरी लाकडाला लागलं. ठक. त्यांनी खाली पाहिलं नाही. नुसता हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला. गप्प बस म्हणताना आपण मुलाच्या डोक्यावर ठेवतो, त्या उंचीवर.

६

जलजाक्षी स्वतःच वर आली. वॉर्डातल्या नर्सनं सांगितलं होतं की डॉक्टर म्हणतात ते सगळं वर लायब्ररीतल्या बाई शोधतात. पायांत चपला नव्हत्या. बाहेर काढून आली होती, देवळात काढतात तशा. केसांतली अबोली केव्हाच सुकून गेली होती आणि ते तिच्या लक्षात नव्हतं.

"अक्का, डॉक्टर म्हणाले, एक पोरगी बरी झाली म्हणून कागदात आहे. खरं काय?"

मी तिला बसवलं. पाणी दिलं. तिनं ते एका घोटात संपवलं.

"तसं लिहिलेलं आहे," मी म्हणाले. "कुणी लिहिलंय ते कळत नाही. कुठली मुलगी ते कळत नाही. मी पुष्कळ शोधलं. माझा त्याच्यावर भरवसा नाही."

"पण बरी झाली म्हणतात ना? आकडी थांबली?"

"थांबली असं लिहिलंय."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर देणं माझं काम नव्हतं. माझं काम शोधून देण्याचं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिला सगळं वाचून दाखवलं, आमच्या भाषेत, एकेक ओळ. आईने ओळखले नाही, इथपर्यंत.

ती बराच वेळ हातातल्या रिकाम्या पेल्याशी खेळत राहिली.

"हसते का ती?"

"लिहिलेलं नाही."

"आईला हाक मारते?"

"तेही नाही."

"आमची ना," ती म्हणाली, "शुद्धीत नाहीये, तरी मी केस विंचरायला घेतले की मान वाकडी करते. लहानपणापासूनची खोड. विंचरून घ्यायची नाही म्हणून पळायची. मी आत्ता विंचरून आले. केली वाकडी." तिनं पेला टेबलावर ठेवला. "ती माझी आहे तोवर माझीच राहू दे अक्का. नंतरची मला नको."

"नीट विचार कर. डॉक्टरांशी बोल. घरच्यांना फोन कर."

"केलाय विचार. तुम्ही वाचत होता तेव्हाच केला." जिन्यापर्यंत जाऊन ती मागे आली. "मी वाईट आई आहे का?"

"नाही," मी म्हणाले. आणि ते मी पुराव्याशिवाय म्हणाले.

७

कमिटीसाठीचं उत्तर मी त्याच दुपारी लिहिलं. शोध कसा घेतला, कुठे घेतला, काय मिळालं. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर येणाऱ्या नोंदीचा उल्लेख करून ती पडताळता आली नाही असं लिहिलं. शेवटी माझं नेहमीचं वाक्य. विश्वासार्ह पुरावा सापडला नाही.

मग मी ते मशीन बंद करायला गेले. कायमचं, सकाळी ते गोदामात पाठवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात लाईट गेली.

एसी थांबला. लायब्ररीत जनरेटरचा नंबर वॉर्डांनंतर लागतो, त्यामुळे आमच्याकडे जरा वेळ अगदी सामसूम होते. दुपारचं ऊन पडद्यांतून पिवळं होऊन येत होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं. लॅन्सी खाली चहाला गेला होता.

ठकठक नव्हती. मी त्यासाठीच कान देऊन होते आणि ती नव्हती. मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच झावळी होती तर, मी मनाशी म्हणाले, किंवा एसीचा पंखा. मी गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली हात घालून वायर शोधू लागले.

तेव्हा दुसरा आवाज आला. पावलं फरशीवर घासल्याचा. बसलेलं माणूस कंटाळून पाय सरकवतं तसा, माझ्या हाताच्या अगदी जवळ.

दोन पावलं होती. अनवाणी. नखं निळसर, थंडीत काकडलेल्या मुलांची होतात तशी. सहा वर्षांच्या मुलीची नव्हती ती, त्याहून मोठी होती. आणि मला एकदम कळलं की ठकठक का थांबली. पाय आता लोंबकळत नव्हते. ते जमिनीला टेकले होते.

वर बघायला नुसती मान उचलायची होती. मी नाही उचलली. लोक म्हणतील, घाबरली. घाबरले होतेच. पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू? वाटलं की ही कुणीतरी आपल्याकडे बघेल म्हणून इतके दिवस बसून आहे. आणि आपण बघितलं तर आपल्यालाही रोज यावं लागेल.

"बाबा येतील हं आता," मी फरशीकडे बघत म्हणाले. तिच्या लहानपणी म्हणायचे तसं.

एक पाऊल दुसऱ्यावर चढलं आणि घासलं गेलं. मग लाईट आली, एसी घरघरला, आणि माझ्यासमोर फक्त धुळीत पडलेली वायर होती. ती मी ओढली.

८

कमिटीनं परवानगी दिली नाही. तशीही लागली नसती. जलजाक्षीनं नकार लिहून दिला होता. मोक्षिता पुढे काही दिवस होती. डॉ. चौटांनी जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, त्यात कसूर ठेवली नाही. शेवटच्या सकाळी आईनं तिला मांडीवर घेतलं होतं.

नंतर ते वर आले. मशीनबरोबर खिडकीजवळचं टेबलही मी गोदामात पाठवलं होतं, नुसते चार पायांचे डाग होते फरशीवर. मला वाटलं आता ते माझ्यावर ओरडतील. मी उभी राहिले.

"तिचा हात माझ्या हातात होता, वारिजक्का," ते म्हणाले. "गरम होता. शेवटपर्यंत गरम होता."

"बसा, सर."

"सानिध्याचाही होता. मी विसरलोच होतो." आणि ते त्या रिकाम्या जागी, फरशीवर, भिंतीला टेकून बसले आणि रडले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. लॅन्सी त्यांच्या शेजारी बसला, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी दार लावून घेतलं.

महिन्याभरानं रेवती त्यांना तिच्या माहेरी कार्कळला घेऊन गेली. तिथे ते छोटासा दवाखाना चालवतात. ताप, खोकला, जंत. फोनवर रेवती म्हणाली की फ्रॉक शेजारच्या मुलीला देऊन टाकला. तिचा आवाज थकलेला होता, पण तो तिचाच होता.

९

जलजाक्षी पावसाळा संपल्यावर आली. कुणा नातेवाइकाला दाखवायला हॉस्पिटलात आली होती, म्हणून सहज वर आले म्हणाली. बारीक झाली होती. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि इकडचं तिकडचं बोलत राहिली. विड्यांचा कंत्राटदार बदलला. नवरा येऊन परत गेला.

मग म्हणाली, "अक्का, एक विचारू? तुम्ही हसाल."

"विचार की."

"ती एकदाही स्वप्नात आली नाही. सगळ्यांच्या येतात. माझ्या जावेच्या स्वप्नात आली, शेजारणीच्या आली. मी रोज डोक्याशी तिचा कंगवा ठेवून झोपते. नाही येत." ती माझ्या कॉम्प्युटरकडे बघत होती. "त्याच्यात जगातलं सगळं येतं ना? तर तिचं काही... आलंय का? मला वाचायचं नाही. नुसतं आहे की नाही तेवढं सांगा."

नाही म्हणून सांगून टाकायला हवं होतं. पण न शोधता उत्तर द्यायची मला सवय नाही. शिवाय हे माझं मशीन होतं, नवीन, सगळं नीट चालणारं. मी शब्द घातले. तेच, त्याच क्रमाने. बोटांना ते पाठ होते.

एकच नोंद आली.

मी शीर्षकाचे पहिले दोन शब्द वाचले. 'दोन मुली'. पुढे वाचण्याआधी मी स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतला.

"आहे?" तिनं विचारलं.

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. तिला काय हवं होतं ते मला कळेना. कदाचित तिलाही कळत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

तिनं सुस्कारा सोडला, लांब, पोटातून आलेला, आणि पदरानं तोंड पुसलं.

"मग सुटली म्हणायची."

"हो."

"बरं झालं विचारलं ते." ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि गेली. जिन्यात कुणीतरी तिला काही विचारलं आणि तिनं हसून उत्तर दिलेलं मला ऐकू आलं.

मी खुर्ची फिरवून स्क्रीनकडे पाठ केली आणि लॅन्सी वर येईपर्यंत तशीच बसून राहिले.